ग्लुकोज असताना लॅक्टोजची जनुके बंद का राहतात?

ग्लुकोज आणि लॅक्टोज एकत्र दिले, तर इ. कोलाय हा जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो, काही काळ वाढ थांबवतो आणि मगच लॅक्टोजकडे वळतो, हे फ्रेंच जीवशास्त्रज्ञ जाक मोनो यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी दाखवले. ग्लुकोजमुळे सायक्लिक एएमपी (पेशीतला एक छोटा संदेशवाहक रेणू) घटते, म्हणून लॅक्टोजची, म्हणजे लॅक्टोज वापरण्यासाठी लागणारी, जनुके बंद राहतात, हे त्याचे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून आजही बिनदिक्कत दिले जाते. ते सुटसुटीत आहे, पण वस्तुस्थितीला धरून नाही.

जपानमधील नागोया येथील हिरोजी आइबा यांच्या गटाने १९९६ मध्ये प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा ग्लुकोजवर वाढताना आणि लॅक्टोजवर वाढताना सायक्लिक एएमपीची पातळी जवळपास सारखीच आढळली. ती तात्पुरती वाढते ती मधल्या थांब्यात. बाहेरून सायक्लिक एएमपी घातल्यावर हा थांबा नाहीसा झाला, मात्र ग्लुकोजची दडपशाही कायम राहिली. याउलट, लॅक्टोज-दमनकारी प्रथिन (डीएनएवर बसून ही जनुके बंद ठेवणारे) जनुकबदलाने निकामी केले, की ग्लुकोज असतानाही ही जनुके चालू राहिली.

म्हणजे खरी अडवणूक दारातच होते. ग्लुकोज आत घेताना वाहतूक यंत्रणेतील ‘एन्झाइम टू-ए’ या प्रथिनावरील फॉस्फेट निघून जाते आणि ते मोकळे प्रथिन लॅक्टोजच्या वाहक प्रथिनाला चिकटून त्याचे काम थांबवते. लॅक्टोज आत येत नाही, त्यापासून दमनकारी प्रथिनाला डीएनएवरून हटवणारे अ‍ॅलोलॅक्टोज बनत नाही, आणि दमनकारी प्रथिन डीएनएवर ठाण मांडून बसते. सायक्लिक एएमपी या जनुकांना लागतेच. फक्त ग्लुकोज-लॅक्टोजचा क्रम ती ठरवत नाही. बॅसिलस सबटिलिससारख्या जिवाणूंत तर शर्करांचा अग्रक्रम सायक्लिक एएमपीविनाच, सीसीपीए या प्रथिनामार्फत, सांभाळला जातो.