सुपर रोबोट वॉर्स

सुपर रोबोट वॉर्स : वेगवेगळ्या जपानी ॲनिमे मालिकांमधले महाकाय रोबोट आणि त्यांचे चालक यांना एकाच कथेत, एकाच पटावर आणणारी व्हिडिओ गेमची मालिका. जपानी नाव 'सुपर रोबोट ताइसेन', म्हणजे सुपर रोबोटांचे महायुद्ध. चाहत्यांच्या तोंडी मात्र 'सुपारोबो'. पहिला गेम बानप्रेस्टो या कंपनीने २० एप्रिल १९९१ रोजी निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी काढला. आज ही मालिका बांदाई नामकोकडे आहे. २०२१ मध्ये तिची तिशी साजरी करणारा 'सुपर रोबोट वॉर्स ३०' आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये 'सुपर रोबोट वॉर्स वाय'. गेमचा प्रकार डावपेचांचा आरपीजी, म्हणजे पात्रांच्या भूमिकेत शिरून खेळायचा गेम. पटावरची घरे, आळीपाळीने चाली, आणि प्रत्येक मोहरा लढता लढता अनुभवाने मोठा होत जाणारा.

या मालिकेचे मोल समजण्यासाठी आधी तिच्या पात्रांची कुळकथा पाहायला हवी. डिसेंबर १९७२ मध्ये गो नागाई यांचा 'माझिंगर झेड' जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाला. कोजी काबुतो हा मुलगा त्या लोखंडी देहाच्या डोक्यात बसून त्याला चालवतो, ही कल्पना मुलांच्या मनात घर करून बसली. १९७४ च्या 'गेट्टर रोबो'त तीन विमाने तीन निरनिराळ्या क्रमांनी जोडली जात आणि तीन वेगळे रोबोट तयार होत. मग १९७९ मध्ये योशियुकी तोमिनो यांचा 'मोबाइल सूट गंडम' आला आणि चित्रच पालटले. इथला रोबोट हा लष्कराचे शस्त्र होता. त्याचा दारूगोळा संपत असे, शत्रूच्या रोबोटातही माणूसच बसलेला असे, आणि युद्ध कोणाच्याच बाजूने निर्मळ नव्हते. पहिल्या परंपरेला 'सुपर रोबोट' आणि दुसरीला 'रिअल रोबोट' म्हणण्याची रूढी पडली. दोन्हींची जगे वेगळी, कालगणना वेगळी, भौतिकशास्त्रसुद्धा वेगळे. माझिंगर आणि गंडम यांची गाठ पडली तर काय होईल, हा शाळेच्या मधल्या सुट्टीतला वाद होता. सुपर रोबोट वॉर्सने तो वाद लढतीने सोडवला नाही. दोघांना एकाच बाजूने, खांद्याला खांदा लावून उभे केले. पुढची तीन दशके मालिकेला पुरून उरलेला निर्णय हाच, असे म्हणायला हरकत नाही.

पहिल्या गेममध्ये चालकच नव्हते. रोबोट स्वतःच बोलत, स्वतःच लढत, आणि कथा नावापुरती होती. डिसेंबर १९९१ मध्ये फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आलेल्या दुसऱ्या भागाने चालकांना आत बसवले, सलग कथानक रचले आणि कोणत्याही ॲनिमेतून न घेतलेला, गेमसाठीच घडवलेला एक रोबोट पटावर आणला. तो म्हणजे वाऱ्याच्या शक्तीवर चालणारा सायबस्टर. त्याचा चालक मासाकी आंदो याला दिशांचे भान अजिबात नाही. तो सतत रस्ता चुकतो आणि भलत्याच रणांगणावर येऊन पोहोचतो. डझनभर जगांच्या कथेत एक पात्र हवे तिथे आणून सोडायला यापेक्षा सोपी आणि लोभस सबब सापडणार नाही. हे पात्र इतके रुजले की १९९६ मध्ये त्याच्या जगावर स्वतंत्र गेम निघाला.

खेळाचा सांगाडा साधा आहे. आपली पाळी, मग शत्रूची पाळी. रोबोट ठरावीक घरे सरकतो, टप्प्यात शत्रू असेल तर शस्त्र निवडतो, नेम लागण्याची शक्यता टक्क्यांत दिसते, मग पडदा बदलून लढतीचे दृश्य सुरू होते. आकाश, जमीन, पाणी, अंतराळ या प्रत्येक ठिकाणी कोण किती तरबेज, याची प्रतवारी असते. हे सगळे १९९० च्या 'फायर एम्ब्लेम' या डावपेचांच्या गेमच्या कुळातलेच. सुपारोबोचे वेगळेपण दिसते ते ॲनिमेचे संकेत खेळाच्या नियमांत उतरवण्यात.

'किर्योकु'चेच पाहा. मराठीत याला जोश म्हणता येईल. प्रत्येक चालक लढाईला उतरतो तेव्हा त्याचा जोश १०० असतो. शत्रू पाडले की तो चढतो आणि त्याच्यासोबत घावाची ताकदही चढते. सर्वांत जबर अस्त्राला बहुधा १२० किंवा १३० जोश लागतो. म्हणजे पहिल्याच पाळीत हुकमी अस्त्र काढून मोकळे होता येत नाही. हा केवळ समतोलासाठी घातलेला अडसर नाही. सत्तरच्या दशकातल्या रोबोट मालिकेचा प्रत्येक भाग असाच चाले : नायक आधी मार खातो, धडपडतो, आणि अखेरच्या दोन-तीन मिनिटांत ओरडून अस्त्राचे नाव घेतो व राक्षसाचे दोन तुकडे करतो. 'हे अस्त्र आधीच का नाही वापरले?' या प्रत्येक मुलाला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर सुपारोबोने एका आकड्यात देऊन टाकले.

सुपर आणि रिअल हा भेदही असाच आकड्यांत उतरतो. सुपर रोबोट जाड कातडीचा. तो फटका खातो आणि उभा राहतो. गंडमसारखा रिअल रोबोट फटका चुकवण्यावर जगतो, पण नेम लागलाच तर त्याचे फार काही उरत नाही. गेट्टरचे तीन अवतार हवा, जमीन आणि पाणी असे वाटलेले असतात, त्यामुळे समोर समुद्र आला की खेळाडू रूप बदलतो आणि मूळ मालिकेप्रमाणेच चालकाची खुर्ची रयोमाकडून मुसाशीकडे जाते. एव्हांगेलियन या ॲनिमेमधल्या युनिटला, म्हणजे रोबोटाला, वीज पुरवणारी केबल लागते, म्हणून काही भागांत ते युद्धनौकेपासून फार लांब गेले की त्याची ऊर्जा ओसरू लागते. माझिंगरला मुळात उडता येत नाही. त्याचे पंख कथेत योग्य वेळी मिळेपर्यंत तो जमिनीवरून चालत राहतो आणि बाकीचे पुढे निघून जातात.

याच्या जोडीला 'सेइशिन कमांड', म्हणजे मनोबलाच्या आज्ञा. प्रत्येक चालकाच्या वाट्याला त्याच्या स्वभावाला शोभतील अशा सहाएक येतात. 'नेक्केत्सु', म्हणजे सळसळते रक्त, पुढचा घाव दुप्पट करते. 'हिरामेकी' एक हल्ला हमखास चुकवते. 'तेकागेन' हा हात आखडता घेण्याचा प्रकार : कितीही जोराचा वार झाला तरी शत्रूत १० प्राणबिंदू शिल्लक राहतात. ते कशाला? तर एखाद्या कच्च्या चालकाला पुढे करून शेवटचा टोला त्याच्याकडून मारवता यावा आणि अनुभव त्याच्या खाती पडावा. मोठ्या भावाने डाव संपवायचा सोडून धाकट्याला खेळू द्यावे तसे हे. गेट्टरमध्ये तिघे आणि कॉम्बॅटलर व्हीमध्ये पाच जण बसतात, आणि प्रत्येकाच्या मनोबलाचा साठा वेगळा असतो. चपळाईत मागे पडणारे सुपर रोबोट ही उणीव अशी माणसांच्या संख्येने भरून काढतात.

पाडले गेलेले रोबोट लढाईनंतर दुरुस्त होतात, पण बिल खेळाडूच्या तिजोरीतून जाते. या बिलांमध्ये चाहत्यांच्या जिव्हाळ्याचे एक बिल आहे. माझिंगर झेडमधला बॉस हा कोजीचा हौशी स्पर्धक. त्याने भंगारातून उभारलेला बॉस बोरोट कितीही वेळा चेचला गेला तरी दुरुस्तीचा खर्च वर्षानुवर्षे १० च राहिला आहे. बाकीच्यांची बिले हजारांत जात असताना हा गडी पुन्हा पुन्हा पुढे धावून मार खाऊ शकतो आणि सोबत्यांची रसदही भरून देतो. एका विनोदी पात्राचा सगळा स्वभाव त्या दहाच्या आकड्यात आला आहे.

तरीही चाहते ज्या एका गोष्टीसाठी या मालिकेकडे परत येतात, ती वेगळीच आहे. मूळ मालिकेत जे वाचले नाहीत, ते इथे वाचू शकतात. १९८५-८६ च्या 'झेटा गंडम'मध्ये फोर मुरासामे ही मुलगी शत्रूच्या प्रयोगशाळेने घडवलेली सैनिक आहे. नायक कामीयु आणि तिच्यात जवळीक होते, आणि ती मरते. सुपारोबोच्या अनेक भागांत ती समोरून चालून येते तेव्हा तिच्यावर हल्ला करण्याऐवजी कामीयुचा रोबोट तिच्या शेजारच्या घरात नेता येतो. यादीत 'हल्ला'च्या जोडीला 'समजावणे' असा पर्याय उमटतो. तो निवडला की दोघांचे बोलणे होते. कधी एकदा समजावून भागत नाही, पुढच्या एखाद्या लढाईत पुन्हा जावे लागते, आणि एखादी अट चुकली तर ती हातची जाते. साधली, तर ती कायमची आपल्या बाजूला येते. मधल्या काळात बाकीच्या कोणी चुकूनही तिला पाडू नये म्हणून खेळाडू सगळी फौज मागे घेऊन बसतो. जिंकण्यासाठी बनवलेल्या खेळात एका मुलीला जपण्यासाठी अशी शर्थ करावी लागते, आणि ती करताना टीव्हीसमोर हताश बसलेल्या प्रेक्षकाच्या हातात पहिल्यांदाच काहीतरी असते.

उलटही घडते. १९९७-९८ मध्ये सेगा सॅटर्न या यंत्रावर दोन खंडांत आलेला 'एफ' हा भाग एव्हांगेलियन, गनबस्टर आणि इडेऑन यांना घेऊन आला. अवघड म्हणून त्याचे नाव आजही घेतात. इडेऑनची मूळ कथा सर्वनाशाने संपते. गेममध्ये तो मार खाईल तसा त्याच्या आतल्या अज्ञात शक्तीचा गेज भरत जातो. त्या शक्तीचा मोह आवरला नाही तर सूत्रे खेळाडूच्या हातातून निसटू शकतात. प्रत्येक शोकांतिकेला गोड शेवट चिकटवायचा, इतका सोपा हिशेब या मालिकेने ठेवलेला नाही.

इतक्या जणांना एका चौकटीत बसवायचे तर उंचीची अडचण येतेच. डनबाइन सुमारे ७ मीटर, गंडम १८, गेट्टर-१ ३८, कॉम्बॅटलर व्ही ५७ (हा आकडा त्याच्या मालिकेच्या अखेरीस वाजणाऱ्या गीतातच आहे), डायटार्न ३ चक्क १२० मीटर, आणि गनबस्टर दोनशेच्या घरात. यावर तोड म्हणजे मोठे डोके आणि आखूड हातपाय असलेली, बाहुल्यांसारखी 'एसडी' शैली. तीत सगळे जवळपास एकाच मापाचे दिसतात आणि खरा आकार फक्त घावाच्या गणितात धरला जातो. १९९६ च्या 'शिन सुपर रोबोट ताइसेन'ने खऱ्या प्रमाणातले रोबोट काढून पाहिले. मुख्य मालिका मात्र पुन्हा बुटक्या रूपाकडेच वळली. हे रूप बालिश वाटते ते पहिली पाच मिनिटे. 'आल्फा' (२०००) पासून लढतीची दृश्ये इतकी सळसळती होत गेली की मूळ ॲनिमेतली एखादी फ्रेम न् फ्रेम ओळखू यावी. प्रत्येकाच्या हल्ल्याला त्याच्याच मालिकेचे संगीत वाजते. १९९६ च्या '४ एस'पासून संवादांना आवाजही मिळाले, तेही शक्य तिथे मूळ कलाकारांचे. काही कलाकार आता हयात नाहीत. त्यांचे आधीच्या भागांसाठी मुद्रित केलेले आवाज पुढच्या भागांत जपून वापरले जातात. दीर्घकाळ मालिकेची धुरा वाहिलेले निर्माते ताकानोबु तेराडा स्वतः या रोबोटांचे निस्सीम चाहते आहेत, आणि ते जागोजागी जाणवते.

जपानबाहेर ही मालिका उशिरा पोहोचली. प्रत्येक ॲनिमेचे हक्क वेगळ्या मालकाकडे, आणि परदेशातले त्याहून वेगळ्यांकडे. वीसेक मालिकांची परवानगी देशोदेशी मिळवणे म्हणजे वेगळेच महायुद्ध. म्हणून २००६ मध्ये अमेरिकेत इंग्रजीत पहिल्यांदा आले ते गेम बॉय ॲडव्हान्सवरचे 'ओरिजिनल जनरेशन'चे दोन भाग, ज्यांत सगळी पात्रे गेमसाठीच घडवलेली होती. त्यांतला र्‍युसेई दाते हा रोबोट म्हटले की वेडा होणारा मुलगा, म्हणजे खेळाडूचेच प्रतिबिंब. बाकीच्यांसाठी चाहत्यांनी हौसेने केलेली भाषांतरे हाच आधार होता. पुढे 'व्ही' (२०१७), 'एक्स' (२०१८) आणि 'टी' (२०१९) यांच्या आशियाई आवृत्त्या इंग्रजीत निघाल्या आणि '३०' स्टीम या संगणकी गेमच्या ऑनलाइन दुकानावरून जगभर गेला. याच काळात दारही रुंदावले : 'व्ही'मध्ये यामातो ही अंतराळ युद्धनौका आली, 'टी'मध्ये महाकाय रोबोट नसलेला 'काउबॉय बीबॉप'ही आला.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शन पाहत वाढलेल्या मराठी वाचकाचा या पटावर एक ओळखीचा गडी आहे. मनगटावरच्या घड्याळातून हुकूम देणारा मुलगा आणि त्याचा 'जायंट रोबॉट' आपल्याकडे घरोघरी पाहिला गेला. मित्सुतेरू योकोयामा यांची ही निर्मिती. जपानीत त्या मुलाचे नाव दाईसाकू कुसामा. शेवटच्या भागात रोबॉट मुलाचा हुकूम न ऐकता शत्रूला मिठीत घेऊन आकाशात झेपावतो आणि परत येत नाही. नव्वदच्या दशकात याच कल्पनेवर नवे ॲनिमे झाले, आणि त्यातला रोबो १९९९ च्या 'सुपर रोबोट वॉर्स ६४'मध्ये व पुढच्या वर्षी 'आल्फा'मध्ये माझिंगर आणि गंडम यांच्या शेजारी लढायला उतरला. दाईसाकू मनगट तोंडाशी नेऊन हुकूम देतो, आणि रोबो मूठ उगारतो.