नॉयरमधला अंधार कंजूषपणाचा नव्हे

१९४०च्या दशकातल्या हॉलिवूडच्या नॉयर, म्हणजे गुन्हेगारीवरच्या काळोख्या सिनेमांत एवढा अंधार का? तर सेट उघडे पडू नयेत, पैसा नव्हता, असं सर्रास ठोकून दिलं जातं. काही स्वस्तातल्या सिनेमांपुरतं ते खरंही आहे. पण ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) पाहा. पॅरामाउंटसारखा तालेवार स्टुडिओ, बिली वाइल्डरचं दिग्दर्शन, ऑस्करची ७ नामांकनं, त्यातलं एक छायाचित्रणाचं! विमा एजंट वॉल्टर नेफ लख्ख उन्हातून फिलिस या गिऱ्हाइकाच्या बायकोच्या दिवाणखान्यात येतो, तिथं खिडकीच्या पट्ट्यांतून उन्हाच्या तिरिपी पडलेल्या. त्या धुळकट दिसाव्यात म्हणून छायाचित्रकार जॉन साइट्स यांनी हवेत अॅल्युमिनियमची बारीक पूड उडवली होती. तिच्या नवऱ्याचा खून अजून व्हायचाय, पण खिडकीच्या पट्ट्यांमुळे तुरुंगाच्या गजांसारखी सावली आधीच हजर. हा काटकसरीचा कारभार खासच नाही.