नॉटच्या मागे ‘ताशी’ लावू नका

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, की मराठवाड्यात सगळ्यांचे डोळे आभाळाकडे लागतात. सोयाबीन माना टाकत असेल, तर ती बातमी गावात चार-चार वेळा वाचली जाते. त्यात बऱ्याचदा एक वाक्य असते : ‘वाऱ्याचा वेग ताशी ४० नॉट.’ हे चूक आहे. ‘तासाला’ हे नॉटच्या पोटातच आहे. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. त्यामुळे नुसते ४० नॉट म्हणावे. किलोमीटरमध्ये ते ताशी सुमारे ७४ होतात.

सागरी मैल समजायला समुद्र लागत नाही, शाळेतला नकाशा पुरतो. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले, की प्रत्येक भाग एक मिनिट. त्या एका मिनिटाचे उत्तर-दक्षिण अंतर म्हणजे सागरी मैल. लातूर साधारण १८ अंश २४ मिनिटांवर, नांदेड १९ अंश ९ मिनिटांवर. फरक ४५ मिनिटांचा, म्हणून नांदेड लातूरच्या ४५ सागरी मैल उत्तरेला, म्हणजे सुमारे ८३ किलोमीटर. (एसटीचे तिकीट यावर काढू नका, नांदेड पूर्वेलाही सरकलेले आहे.) पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्याने हे मिनिट विषुववृत्तावर सुमारे १,८४३ मीटर भरते, ध्रुवावर १,८६२ आणि आपल्याकडे १,८४५ च्या आसपास. हा घोळ मिटवायला १९२९ मध्ये मोनॅको येथे १,८५२ मीटर हा आकडा ठरला.

आता माझा आवडता भाग. जीपीएस नव्हते, किनारा दिसत नव्हता, तेव्हा जहाजाचा वेग कसा मोजायचे? लाकडाची एक फळी घ्यायची. एका कडेला शिसे लावायचे, म्हणजे ती पाण्यात उभी राहते आणि जवळजवळ जागची हलत नाही. तिला लांब दोरी बांधून ती जहाजाच्या मागे टाकायची. जहाज पुढे जाते, फळी मागे राहते, दोरी फिरकीवरून सुटत जाते. दोरीला दर ४७ फूट ३ इंचांवर गाठ. एक खलाशी २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ उलटे करून धरतो, दुसरा हातातून सरकणाऱ्या गाठी मोजतो. वाळू संपेपर्यंत सहा गाठी गेल्या, तर वेग सहा नॉट; गाठ म्हणजेच इंग्रजीत नॉट.

हे आकडे असे विचित्र का? १,८५२ मीटरला तासाच्या ३,६०० सेकंदांनी भागा आणि २८ ने गुणा. उत्तर येते १४.४ मीटर, म्हणजे बरोबर ४७ फूट ३ इंच. गुणाकार-भागाकार दोरीतच बांधून ठेवलेला. खलाशाला फक्त मोजता यायला हवे. त्या फळीला लॉग म्हणत आणि तिचे आकडे लिहायची वही ती लॉगबुक. वैमानिक आजही लॉगबुकच भरतात.

जाता जाता, ‘नॅव्हिगेशन’ हा शब्द संस्कृत ‘नवगति’वरून चोरला, असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. तो शब्द लॅटिन ‘नाविस’वरून आला. संस्कृत ‘नौ’ ही त्याची बहीण, आई नव्हे.

विमानाने जहाजाची ही भाषा जशीच्या तशी उचलली : कॅप्टन, केबिन, सुकाणू, डाव्या टोकाला लाल दिवा, उजव्या टोकाला हिरवा. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर उतरणारे एअरबस ए-३२० सुमारे १३५ नॉट वेगाने धावपट्टीकडे येते. वैमानिकासमोरच्या काट्याचा हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. समोरून १५ नॉटचा वारा असेल, तर जमिनीच्या तुलनेत १२० च. तेवढी धावपट्टी कमी लागते, म्हणून विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरते. चिकलठाण्याच्या पट्टीच्या टोकांवरचे ०९ आणि २७ हे होकायंत्राचे अंश आहेत, शेवटचे शून्य गाळलेले : ९० म्हणजे पूर्व, २७० म्हणजे पश्चिम. पश्चिमेचा वारा असला की २७.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांत मीटर-किलोमीटर हीच मूळ एकके आहेत. नॉट, सागरी मैल आणि फूट यांना फक्त तात्पुरती परवानगी आहे. ती कधी संपणार, याची तारीख अजून ठरलेली नाही.