कचऱ्याच्या डोंगरातून मिथेन किती निसटतो?

कचरा डेपोत थरावर थर चढले की खालच्या ओल्या कचऱ्यापर्यंत हवा पोचत नाही. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू तो कुजवतात. त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. वीस वर्षांचा हिशेब धरला तर एक किलो मिथेन सुमारे 80 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. पण वातावरणात तो टिकतो जेमतेम 12 वर्षं. म्हणून गळती आज रोखली तर फरक आपल्या हयातीतच दिसेल.

गळतीचा आकडा मात्र बहुतेक वेळा कागदावर काढलेला असतो. कचरा किती पडला, त्यात कुजणारा किती, हवामान कसं, यावरून दरवर्षीचा मिथेन काढतात. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीची 2006 ची मार्गदर्शिका हीच रीत सांगते. वरच्या मातीत मिथेन खाणारे जिवाणू असतात. त्यांच्यापोटी, नीट झाकलेल्या डेपोसाठी, ठोक 10 टक्के वजावट. प्रत्यक्षात माती सगळीकडे सारखी कुठे असते?

खरं काय ते डोंगरावर चढल्यावर कळतं. बुड नसलेली पेटी मातीत दाबून बसवायची, कडा ओल्या मातीने लिंपायच्या आणि दर काही मिनिटांनी आतली हवा सिरिंजने ओढून तपासायची. मिथेन जितका भराभर वाढेल तितकी गळती मोठी. एका जागी आकडा हलत नाही, दोन पावलांवरच्या भेगेवर तो झपाट्याने चढतो. हवेचा दाब उतरला की तीच भेग जास्त वायू सोडते. शे-दोनशे पेट्या ठेवल्या तरी नेमकी भेग हुकू शकते.

म्हणून मला दुसरी युक्ती फार आवडते. डोंगरावरून ठरावीक वेगाने ॲसिटिलीन सोडायचा आणि वारा जातो त्या दिशेला, दूर, गाडीतल्या यंत्राने दोन्ही वायू मोजायचे. दोघे एकाच वाऱ्यात सारखेच पातळ होतात. ॲसिटिलीन किती सोडला ते माहीत असतं, त्यामुळे दोघांच्या प्रमाणावरून अख्ख्या डोंगराचा मिथेन निघतो.

2017 साली सोडलेला सेंटिनेल-5पी उपग्रह मिथेन रोज टिपतो, पण त्याच्या चित्रातला एकेक ठिपका काही किलोमीटरचा, आणि ढग आले की तेही नाही. मोठी गळती कोणत्या भागात आहे हे तो दाखवतो. भेग शोधायला माणूसच लागतो. ती बुजवल्यावर पेटी पुन्हा तिथे ठेवावी लागते आणि आजूबाजूलाही, कारण अडलेला वायू शेजारून वाट काढतो.