कार्बन डायऑक्साइडची सुवाह्य टाकी (टायरांसाठी)

आडवाटेवर जाण्यापूर्वी उतरवलेली टायरांची हवा डांबरी रस्त्यावर परतताना पुन्हा भरण्यासाठी चारचाकीत ठेवली जाणारी, द्रवरूप कार्बन डायऑक्साइडची लहान टाकी. ती बहुधा ॲल्युमिनियमची असते. तिच्या तोंडाशी झडप, दाब उतरवणारा रेग्युलेटर आणि टायरच्या व्हॉल्व्हला लावायचा पाइप असतो.

रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय (टायरचा दाब मोजण्याचे एकक) दाबाने चालणारे टायर १५ ते २० पीएसआयवर आणले की जमिनीला टेकणारा त्यांचा पट्टा लांबतो, गाडीचे वजन अधिक जागेवर पसरते आणि चाक रुतण्याऐवजी पकड घेते. वाळूत हा उपाय विशेष लागू पडतो. परंतु गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी असल्यामुळे येथे त्याचा खरा उपयोग सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण तालुक्यांतील घाटपायथ्याच्या लाल चिखलात होतो. मात्र जांभ्याच्या धारदार दगडांवर मऊ टायरची बगल फाटू शकते, म्हणून हवा किती उतरवावी याला मर्यादा आहे. भर पावसाळ्यात चिखलातून गाड्या काढण्याची ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया’ ही स्पर्धा २०१४ मध्ये प्रथम गोव्यातच झाली.

टाकीचे बळ तिच्यातील द्रवात आहे. २० लिटरच्या टाकीत ८ बार (१ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) दाबाने साधी हवा भरली, तर टायरचा दाब गाठेपर्यंत तिच्यातून जेमतेम १२० लिटर हवा मिळते. याउलट १ किलो द्रव कार्बन डायऑक्साइडचा साधारण तापमानाला सुमारे ५४० लिटर वायू होतो. टायरची आतली जागा ७० लिटर धरली, तर १५ वरून ३० पीएसआयवर नेण्यास सुमारे १३० ग्रॅम, म्हणजे चारही टायरांना अर्ध्या किलोच्या आसपास वायू लागतो. बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर जे काम रखडत आणि तापत करतो, ते या टाकीने काही मिनिटांत उरकते. कंप्रेसरची हवा मात्र संपत नाही, हा त्याचा मोठेपणा मान्य करावा लागतो.

टाकीत द्रव शिल्लक असेपर्यंत दाबमापकाचा काटा केवळ तापमान दाखवतो: २० अंश सेल्सिअसला सुमारे ५७ बार, ३० अंशांना सुमारे ७२ बार. किती वायू उरला हे त्यावरून कळत नाही. टाकी वजनकाट्यावर ठेवून तिचे मूळ वजन वजा करावे लागते. पावसाळ्यातील दमट हवेत आणखी एक खूण मिळते. वायू झपाट्याने काढला की उरलेला द्रव थंड होतो आणि तो जेथपर्यंत असेल तेथपर्यंतच टाकीच्या अंगावर दव धरते. त्या दवाची वरची कड म्हणजे आतील पातळी.

कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश आहे आणि गोव्याचा एप्रिल-मे हा नेमका त्याच्या वरचा काळ. या तापमानापलीकडे द्रव व वायू असा भेद उरत नाही आणि गच्च भरलेल्या टाकीतील दाब वेगाने चढतो. म्हणून एक लिटर क्षमतेमागे सुमारे दोन तृतीयांश किलोपेक्षा अधिक भरत नाहीत आणि झडपेत दाब अति झाल्यास फुटणारी सुरक्षाचकती बसवतात. उन्हात बंद गाडीत टाकी ठेवल्यास ती चकती फुटण्याचा संभव असतो, आणि हवेच्या दीडपट जड असलेला हा वायू गाडीत तळाशी साचून गुदमरवू शकतो.

वापरताना टाकी उभी ठेवावी लागते. आडवी केल्यास द्रव रेग्युलेटरमध्ये शिरून तेथे त्याचा शुष्क बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) होतो आणि वाट तुंबते. याच कारणाने कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक सिलिंडर या कामी चालत नाहीत: आगीवर द्रव फेकता यावा म्हणून त्यांच्यात बुडापर्यंत जाणारी नळी असते. ऑक्सिजन तर टायरमध्ये कधीही भरू नये. त्याने रबर आणि वंगण पेट घेऊ शकते. कार्बन डायऑक्साइड थंडगार आत जात असल्याने टायर पुन्हा गरम झाल्यावर दाब वाढतो, शिवाय रबरातून तो हवेपेक्षा लवकर झिरपतो. म्हणून दाब काही वेळाने आणि पुढे काही दिवसांनी परत तपासतात.

भारतात अशा टाक्यांना २०१६ चे गॅस सिलिंडर नियम लागू होतात. त्यांची अंमलबजावणी नागपूर येथे मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. टाकीची जलदाब चाचणी (पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी) दर पाच वर्षांनी करावी लागते आणि तिची तारीख टाकीवर ठोकलेली असते.