निळ्या पंपाची पन्नास वर्षं आणि २०१९चा निर्णय

एप्रिल २०१९मध्ये दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शिका काढणाऱ्या तज्ज्ञांनी आपलीच एक जुनी शिफारस मोडीत काढली. बारा वर्षं आणि त्यापुढच्या कुणालाही, दमा अगदी सौम्य असला तरी, नुसत्या निळ्या पंपावर, म्हणजे दम लागल्यावर तात्पुरता आराम देणाऱ्या इनहेलरवर, ठेवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. त्याआधीची पन्नास वर्षं जगभरचे डॉक्टर नेमकं हेच करत आले होते, आणि आपल्याकडे आजही पुष्कळ पेशंटच्या हातात पहिला पंप येतो तो निळाच. निर्णय सगळ्यांसाठी होता. पण त्याची गरज सर्वांत जास्त बायकांना होती, आणि आहे.

लहानपणी दमा मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. वयात आल्यावर हे उलटतं. मोठेपणी दमा बायकांमध्ये जास्त आढळतो, जास्त त्रास देतो, आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळही त्यांच्यावर जास्त येते. कित्येकींना पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस धाप वाढते. गरोदरपणाबद्दल डॉक्टरांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, एक तृतीयांशांचा कमी होतो, उरलेल्यांचा आहे तसाच राहतो. संप्रेरकांचा यात हात आहे हे पक्कं, पण नेमका कसा, यावर अजून काम चालू आहे.

फार जुना इतिहास थोडक्यात. चरकसंहितेतला तमक श्वास ढगाळ हवेत आणि गार वाऱ्यात वाढतो, आडवं पडलं की छळतो, उठून बसलं की जरा बरं वाटतं. आजच्या कुठल्याही दमेकऱ्याला हे वर्णन ओळखीचं वाटेल. धोतऱ्याचा धूर ओढण्याचा आपल्याकडचा उपाय १८०२ साली मद्रासहून एडिंबराला गेला आणि पुढे शंभरहून अधिक वर्षं युरोपात धोतऱ्याच्या सिगारेटी दम्याचं औषध म्हणून विकल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन आलं.

त्यानंतरचा एक टप्पा मात्र नुसता ओलांडून जाता येत नाही. १९३०च्या दशकापासून पुढची वीस-पंचवीस वर्षं पाश्चात्त्य वैद्यकात दम्याला मनाचा आजार मानणारी विचारधारा जोरात होती. मुलाची घरघर म्हणजे आईसाठीचं दाबलेलं रडणं, असा सिद्धान्त गंभीरपणे मांडला जाई. अमेरिकेत डेन्व्हरच्या एका संस्थेत दमेकरी मुलांना आईवडिलांपासून महिनोन्‌महिने दूर ठेवणं हा उपचार समजला जाई. बोट रोखलेलं असायचं ते मुख्यतः आईवर. श्वासनलिकेतली सूज सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होती, तरी हे चाललं. ‘टेन्शन घेते म्हणून दम लागतो तिला’ हे वाक्य आपल्या घराघरांत आजही ऐकू येतं. ताणाने त्रास वाढू शकतो हे खरं. पण तेवढ्यावर थांबलं की तपासणी मागे पडते, आणि बाईच्या बाबतीत ती जास्त सहज मागे पडते.

पंपाचा जन्म १९५६चा. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी दमेकरी होती. रबरी फुगा दाबून चालवायच्या काचेच्या फवारणीयंत्राला ती कंटाळली होती. केसांच्या स्प्रेसारखं औषध डबीतून का मारता येत नाही, असं तिने वडिलांना विचारलं, आणि त्यातून दाबाखाली मोजका डोस सोडणारा पंप तयार झाला.

साठच्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले. संशय गेला तो त्या वेळच्या पंपातल्या जास्त ताकदीच्या आयसोप्रिनलिनवर. १९६९मध्ये हृदयाला कमी त्रास देणारं साल्ब्युटामॉल आलं. हाच निळा पंप. १९७२मध्ये श्वासातून घ्यायचं, सूज कमी करणारं पहिलं स्टेरॉइड, बेक्लोमेथासोन, बाजारात आलं. म्हणजे आराम देणारं औषध आणि आजार आवरणारं औषध यांत अंतर जेमतेम तीन वर्षांचं. तरी पहिलं घरोघरी पोचलं आणि दुसरं मागे राहिलं.

दोन्हींचं काम वेगळं आहे. निळा पंप श्वासनलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतो. पाच मिनिटांत छाती मोकळी होते. आतली सूज तशीच राहते. आराम पडतो म्हणून पंप पुन्हा मारला जातो, सूज वाढत राहते, आणि एखाद्या रात्री पंपाचा काही उपयोग होत नाही. १९७६च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये मृत्यूंची दुसरी लाट आली. तिथल्या काही तरुण संशोधकांनी फेनोटेरॉल या आराम देणाऱ्याच औषधाकडे बोट दाखवलं, कंपनीचा विरोध सोसला, आणि १९८९मध्ये निष्कर्ष छापले. त्या औषधावर निर्बंध आल्यावर मृत्यू झपाट्याने कमी झाले. इशारा एवढा स्पष्ट होता. तरीही नव्वदच्या दशकात जागतिक मार्गदर्शिका तयार झाली, तेव्हा शिडीची पहिली पायरी ठरली ती गरजेपुरता निळा पंप. रोजचं स्टेरॉइड दुसऱ्या पायरीवर.

यातली अडचण पेशंटच्या बाजूने पाहिली की लगेच दिसते. आधी तिला सांगायचं, दम लागला की निळा मार. तिला अनुभव येतो की हेच औषध काम करतं. वर्षभराने सांगायचं, आता हा दुसरा रोज दोनदा घे. तो घेतल्यावर लगेच काही जाणवत नाही, वर तो महाग. मग ती कुठला ठेवणार?

महाराष्ट्रात त्यात आणखी भर पडते. इथे पंपाआधी डेरिफायलिनच्या आणि बेटनेसॉल या स्टेरॉइडच्या गोळ्या, मग सुई, मग वाफ, आणि पंप म्हणजे शेवटचा इलाज, अशी समजूत घट्ट आहे. कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध घ्यायला लोक रात्रभर जागतात, मृगाला हैदराबादला मासा गिळायला जातात, आणि पंप मात्र ‘सवय लागेल’ म्हणून टाळतात. सवयीची भीती वाटायला हवी होती ती बेटनेसॉलची. प्रेडनिसोलोनसारख्या तोंडावाटे घ्यायच्या स्टेरॉइडची २० मिलिग्रॅमची एक गोळी आणि पंपातून मिळणारा २०० मायक्रोग्रॅमचा डोस यांत वजनाने शंभरपट फरक आहे. तोंड सुजणं, साखर वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे दुष्परिणाम मुख्यतः वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांचे. पंपाच्या स्टेरॉइडनंतर चूळ भरून टाकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

लग्न ठरायच्या मुलीचा पंप तर कपाटात साडीच्या घडीखाली जातो. सासरी रोज सकाळ-संध्याकाळ सगळ्यांसमोर कॅप्सूल घालून रोटाहेलर, म्हणजे औषधाची भुकटी ओढायचं उपकरण, फिरवणं, ओढताना होणारा तो खुळखुळ आवाज, सासूबाईंचा प्रश्न, हे नको म्हणून रोजचं औषध सुटतं. निळा पंप पदराआड दोनदा मारता येतो. आणि घरातली जी कामं छातीला सर्वांत वाईट, ती तिचीच: दसऱ्याआधी जळमटं काढणं, गोधड्या झटकणं, उन्हाळ्यात मिरची कांडणं, फोडणी, जिथे गॅस नाही तिथे चूल. २०१६पासून केंद्राच्या योजनेतून गावोगाव सिलिंडर गेले, पण रिकामा सिलिंडर कोपऱ्यात आणि भाकरी चुलीवर, असं दृश्य दुर्मीळ नाही.

आता २०१९च्या निर्णयाकडे. पर्याय असा होता: त्रास होईल तेव्हाच पंप मारायचा, पण त्यात फॉर्मोटेरॉल आणि कमी मात्रेचं स्टेरॉइड एकत्र असावं. फॉर्मोटेरॉल साल्ब्युटामॉलइतकंच चटकन काम करतं, आणि आराम शोधणाऱ्या प्रत्येक फवाऱ्याबरोबर सुजेवरचं औषधही आत जातं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांपैकी एकीत, नुसत्या आराम देणाऱ्या पंपाच्या तुलनेत गंभीर झटके ६४ टक्क्यांनी कमी झाले, आणि रोज स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या मानाने स्टेरॉइडची मात्रा जेमतेम १७ टक्के लागली.

आक्षेप लगेच आले, आणि ते पोकळ नव्हते. चाचण्यांचा खर्च पंप बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता. रोजच्या लक्षणांपुरतं पाहिलं तर नियमित स्टेरॉइड घेणाऱ्यांना थोडं अधिक बरं वाटत होतं. अनेक देशांत या वापराला औषध नियामकांची परवानगीच नव्हती. गरीब देशांना तर साधं बेक्लोमेथासोन पुरवणंही जमत नव्हतं, तिथे त्याहून महाग पंप कोण देणार? मे २०१९मध्ये न्यूझीलंडच्या संशोधकांच्या पुढाकारातली चाचणी आली. तिने साल्ब्युटामॉलशी थेट तुलना केली आणि झटके निम्म्यावर आल्याचं दाखवलं. मला यातला सर्वांत वजनदार मुद्दा आकड्यांच्या पलीकडचा वाटतो: रोजचं औषध लपवावं लागणाऱ्या बाईला हाच एक मार्ग परवडतो, कारण तो ती प्रत्यक्षात जे करते त्याच्याशी जुळतो.

भारतात एक गुंता वेगळा आहे. इथे फ्लुटिकासोन हे स्टेरॉइड आणि साल्मेटेरॉल यांची जोडी असलेले पंप भरपूर चालतात. साल्मेटेरॉल सावकाश काम करतं. ते झटक्यात मारायचं औषध नव्हे. ‘कॉम्बिनेशनचा पंप’ एवढंच कळलेल्या पेशंटच्या हातात हा पडला तर धोका आहे, म्हणून डबीवरचं नाव वाचणं भाग आहे. दुसरीकडे लेव्होसाल्ब्युटामॉल (साल्ब्युटामॉलचंच एक रूप) आणि बेक्लोमेथासोन एकाच पंपात आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळतात. या जातीची जोडी अमेरिकेत मंजूर व्हायला जानेवारी २०२३ उजाडलं. ब्रिटनने नुसता निळा पंप देणं थांबवण्याची शिफारस नोव्हेंबर २०२४मध्ये केली.

गरोदरपणात बाईचे पंप घरच्यांच्या सांगण्यावरून बंद होतात. ब्युडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडच्या गरोदरपणातल्या सुरक्षिततेची माहिती भरपूर जमा आहे. न आवरलेल्या दम्याने रक्तदाब वाढण्याचा, दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा, बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका वाढतो. पंप बंद करायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, आणि दम्याच्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांहून अधिक. २०२३मध्ये केंद्राच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात दमाही घेतला गेला. आशाताई घरी येऊन तिशीपुढच्यांचा जो फॉर्म भरतात, त्यात धाप लागते का आणि स्वयंपाक कशावर होतो, हे दोन्ही प्रश्न आहेत. पाळीच्या आधी धाप वाढते का, हा प्रश्न नाही. ते बाईला आपणहून सांगावं लागतं. वर्षात निळे पंप किती संपले, हेही. तीन किंवा अधिक संपत असतील तर गंभीर झटक्याचा धोका वाढलेला असतो, आणि महिन्याला एक संपत असेल तर जिवाचाही.