सुपरचार्जर बसवलेले जुन्या छोट्या मोटारीचे इंजिन : दोषशोध व ट्यूनिंग

सुपरचार्जर हा क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने किंवा गिअरने फिरणारा हवेचा पंप असतो. इंजिन स्वतःहून जेवढी हवा ओढते त्यापेक्षा जास्त हवा तो सिलिंडरमध्ये कोंबतो. वातावरणाच्या वर चढलेल्या या दाबाला बूस्ट म्हणतात. एक-सव्वा लिटरच्या जुन्या इंजिनाला असा पंप मागाहून जोडला की गाडीचा पिकअप बदलतो, तशा तिच्या तक्रारीही बदलतात. त्यांतल्या बहुतेक तक्रारींचे खापर सुपरचार्जरवर फुटते. प्रत्यक्षात दोष बहुधा साध्या इंजिनातलाच असतो. बिनबूस्टचे इंजिन जो दोष निमूटपणे सोसत असते, तो बूस्टखाली उघडा पडतो.

छोट्या इंजिनाला सुपरचार्जर जोडण्याची हौस जुनी आहे. रूट्स बंधूंनी १८६० मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेला पाकळ्यांचा ब्लोअर (हवा फुंकणारा पंप; सुपरचार्जरलाही हेच नाव पडले) मुळात कारखान्यांसाठी होता. मर्सिडीजने १९२१ मध्ये सुपरचार्जरच्या मोटारी विक्रीसाठी मांडल्या. १९३० च्या सुमारास ७४७ घसेंमी.ची ऑस्टिन सेव्हन अल्स्टर कोझेट ब्लोअरसह मिळत असे आणि १९३३ मध्ये एमजी के३ ने मिले मिलिया शर्यतीत ११०० घसेंमी.चा गट जिंकला. १९५०-६० च्या दशकांत ब्रिटनमधील शोरॉक आणि अमेरिकेतील जडसन यांचे पात्यांचे सुपरचार्जर मॉरिस मायनर, एमजी, फोक्सवॅगन बीटल अशा गाड्यांसाठी जोडसंच म्हणून विकले गेले. हल्ली जुन्या मिनीवर बरेच जण ईटन एम४५ हा रूट्स पद्धतीचा ब्लोअर बसवतात. तो २००० च्या दशकातल्या नव्या मिनी कूपर एसवर होता, त्यामुळे उतरवलेला, जुना सहज हाती लागतो.

पुलीचे गणित : पुढच्या अर्ध्या तक्रारी इथेच ठरतात. एम४५ एका फेऱ्यात सुमारे ७३७ घसेंमी. हवा पुढे ढकलतो. १२७५ घसेंमी.चे चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात जास्तीत जास्त ६३७ घसेंमी. हवा घेऊ शकते. ब्लोअर क्रँकच्या १.३ पट वेगाने फिरवला तर तो ९५८ घसेंमी. हवा देतो, म्हणजे ढोबळमानाने दीडपट. बूस्ट अर्ध्या बारच्या जवळपास (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब). गळती आणि तापणारी हवा यांमुळे प्रत्यक्ष आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण यापेक्षा फार वेगळे वाचन आले तर काहीतरी गडबड आहे असे समजावे. उष्णतेचा हिशोब मात्र विसरून चालत नाही. २० अंश सेल्सिअसची हवा अर्धा बार दाबली तर आदर्श पंपातही ती ३६ अंशांनी तापते. रूट्स ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर वाढ ६० अंशांची होते आणि हवा ८० अंशांना इंजिनात शिरते. लहान पुली घालून बूस्ट वाढवत नेण्याचा मोह इथेच अंगलट येतो, कारण काही काळाने शक्तीपेक्षा उष्णताच जास्त वाढू लागते.

मांडणी : कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) ब्लोअरच्या आधी असेल तर ब्लोअर तयार मिश्रण ओढतो. पेट्रोलच्या बाष्पीभवनाने हवा थोडी थंड होते आणि एसयू कार्ब्युरेटर (जुन्या ब्रिटिश गाड्यांवरचा नेहमीचा) जवळपास नेहमीसारखाच वागतो. जुन्या संचांत हीच पद्धत होती आणि एका कार्ब्युरेटरच्या गाडीला ती आजही बरी. तिचा धोका असा, की ब्लोअर आणि मॅनिफोल्ड ज्वालाग्राही मिश्रणाने भरलेले असतात. एक बॅकफायर आतले सगळे पेटवू शकतो. म्हणून मॅनिफोल्डवर स्प्रिंगची सुटका-झडप हवीच. दुसऱ्या मांडणीत ब्लोअर कार्ब्युरेटरमधून हवा फुंकतो. तिथे फ्लोट बाउलवरही (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीवरही) बूस्टचा दाब पोचवावा लागतो आणि पेट्रोलचा दाब बूस्टबरोबर चढता ठेवावा लागतो. एसयूची फ्लोट-झडप साधारण पाव बार दाबावर सांभाळून चालते. म्हणजे अर्धा बार बूस्टला पंपाने पाऊण बार द्यायला हवा. जुन्या यांत्रिक पंपाला हे झेपत नाही. मग टॉप स्पीडला गाडी अडखळते आणि मालक प्लग बदलत बसतो.

दोषशोध : सुरुवात ब्लोअरपासून करू नये. आधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन चाचणी (सिलिंडर किती दाब देतो आणि त्यातून किती हवा गळते याची), मग व्हॉल्व्ह क्लिअरन्स, इग्निशन, पेट्रोलचा दाब, मॅनिफोल्डची गळती आणि शेवटी ब्लोअर, हा क्रम वेळ वाचवतो. ऑस्टिनच्या ए-सीरिज इंजिनात (मिनी, मायनर, स्प्राइट, मिजेट) हेड गॅस्केट बऱ्याचदा दोन आणि तीन क्रमांकांच्या सिलिंडरांमध्ये फुटते. या दोघांना एकच एक्झॉस्ट पोर्ट असल्याने तो भाग सर्वांत तापतो. शेजारच्या दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदमच कमी आले तर पिस्टन रिंगचा विचार नंतर करावा.

बूस्ट कमी येतो ही सर्वांत नेहमीची तक्रार. बूस्ट वेगाबरोबर चढून मध्येच स्थिरावला किंवा उतरू लागला तर पट्टा घसरत असतो. पुलीभोवतीची काळी भुकटी आणि पट्ट्याची चकाकणारी आतली बाजू हे त्याचे पुरावे. नुसता ताण वाढवणे हा उपाय नव्हे. त्याने ब्लोअरच्या पुढच्या बेअरिंगवर भार येतो. लहान पुलीला पट्ट्याचा जास्त वेढा मिळेल अशी आयडलर पुली बसवावी. बूस्ट मुळापासूनच कमी असेल तर बायपास झडप (हवा परत मागे वळवणारी) उघडी अडकली आहे का, सांध्यांतून हवा निसटते का आणि एअर फिल्टर श्वास कोंडतो का, हे पाहावे. पात्यांच्या ब्लोअरमध्ये पाती झिजलेली असू शकतात. त्यांना तेल लागते. जडसनमध्ये ते वेगळ्या बाटलीतून ठिबकते आणि बाटली रिकामी राहिली की पाती संपतात.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. बूस्ट गेज शक्ती दाखवत नाही, अडलेली हवा दाखवतो. हेडचे पोर्ट मोठे केले किंवा चांगला एक्झॉस्ट बसवला की त्याच पुलीवर बूस्ट उतरतो आणि शक्ती मात्र वाढते. म्हणून सुधारणा केल्यावर गेजचा काटा खाली आला तर तो दोष नव्हे.

नॉकिंग हा खरा शत्रू. दाबलेल्या गरम मिश्रणाचा शेवटचा भाग ज्योत पोचण्याआधीच पेटतो आणि पिस्टनवर घाव बसतो. ब्लोअरच्या शिट्टीत तो आवाज कानाला सापडेलच असे नाही. प्लगच्या पांढऱ्या पोर्सिलिनवर बारीक चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे कण दिसले तर ते पिस्टनचे असतात. गाडी तिथेच थांबवावी. बूस्टखाली मिसफायर होत असेल तर बहुधा ठिणगीच विझत असते. जास्त दाबात ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून प्लगचा गॅप सुमारे ०.६ मिमी.वर आणतात. प्लगही एक पायरी थंड घ्यावा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉश आणि चॅम्पियनमध्ये नेमके उलटे असते. त्यामुळे ब्रँड बदलताना आकडा डोळे झाकून घेऊ नये.

आयडलला इंजिन वरखाली होणे, निळा धूर येणे आणि टायमिंग कव्हरमधून तेल गळणे यांचा धागा अनेकदा एकच असतो, तो म्हणजे नको तिथे पोचलेला निर्वात किंवा दाब. थ्रॉटल ब्लोअरच्या आधी असेल तर आयडलला ब्लोअरच्या आत निर्वात तयार होतो आणि थकलेल्या सीलमधून गिअरचे तेल आत ओढले जाते. उलट बूस्टमध्ये क्रँककेसच्या नळीत एकदिशा झडप नसेल तर दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडते. ब्रेक सर्व्होची नळी मॅनिफोल्डवर असेल तर तिलाही हाच नियम.

ट्यूनिंग : कॉम्प्रेशन रेशो ८.५ च्या आसपास ठेवणे शहाणपणाचे. कॅम ओव्हरलॅप (इनलेट व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) कमी असलेला घ्यावा, नाहीतर दाबाने आलेले ताजे मिश्रण थेट एक्झॉस्टमध्ये निघून जाते. बिनबूस्टच्या शर्यतीचा कॅम इथे वाया जातो. टायमिंगसाठी जुना ठोकताळा असा, की बूस्टच्या दर पीएसआयमागे (सुमारे ०.०७ बार) एक अंश रिटार्ड द्यावा, म्हणजे ठिणगी तेवढी उशिरा पाडावी. सुरुवातीला तो पुरतो, शेवटचा आकडा मात्र रोलिंग रोडवरच (गाडी रोलरवर चालवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) ठरतो. मूळ डिस्ट्रिब्यूटरला बूस्ट कळत नाही. ३६-१ दातांचे (३६ पैकी एक दात नसलेले) चाक वापरणारे मेगाजोल्टसारखे प्रोग्रॅम करता येणारे इग्निशन मॅनिफोल्डचा दाब वाचून टायमिंग देते, आणि पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे तर ते इथे करावेत. उलट टोकाला जाऊन टायमिंग फार मागे नेले तर जळते वायू एक्झॉस्टमध्ये पोचतात आणि इंजिन तापते. मिनीत रेडिएटर बाजूला, चाकाकडे तोंड करून असल्याने ही चूक लवकर जाणवते.

मिश्रण वाइडबँड सेन्सरशिवाय (एक्झॉस्टमधून हवा-पेट्रोल प्रमाण मोजणाऱ्या) लावू नये. पूर्ण बूस्टला हवा-पेट्रोल प्रमाण ११.५ ते १२.५ दरम्यान हवे. संथ चालीत ते १४.७ च्या जवळ चालते. एसयूमध्ये हे जेटमध्ये वरखाली होणाऱ्या सुईच्या आकाराने ठरते. सुईचे मधले आणि टोकाकडचे भाग वेगवेगळ्या भाराला काम करतात, म्हणून पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल कमी पडत असेल तर जेट खाली घेऊन सगळेच मिश्रण गडद (जास्त पेट्रोलचे) करण्याऐवजी टोकाला बारीक असलेली सुई निवडावी. डॅशपॉटमधले (कार्ब्युरेटरच्या पिस्टनची चाल मंदावणाऱ्या कुपीतले) तेल आधी तपासावे, ते संपलेले असेल तर पिकअपच्या क्षणी मिश्रण पातळ होते. ए-सीरिजमध्ये दोन-दोन सिलिंडर एकच इनलेट पोर्ट वाटून घेतात आणि १-३-४-२ या फायरिंग ऑर्डरमुळे त्यांचे श्वास एकामागोमाग लागून येतात. त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या सिलिंडरांना सारखे मिश्रण मिळत नाही. सेन्सर फक्त चौघांची सरासरी सांगतो, म्हणून चारही प्लग काढून पाहणे सुटत नाही.

प्रत्येक फेरीत एकच बदल करावा, आणि तोही आयडल व संथ चाल नीट बसल्यावर. पूर्ण थ्रॉटल सर्वांत शेवटी. मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात चालतात. ट्यूनिंगच्या काळात गडद मिश्रणाचे पेट्रोल रिंगांवरून त्या तेलात उतरते आणि गिअरही त्याच पातळ तेलावर फिरतात. म्हणून मिश्रण पक्के झाले की ते तेल आणि फिल्टर बदलूनच गाडी रस्त्यावर काढतात.